प्रजेपासून नागरिकापर्यंत : यवतमाळचा दाखला

नागरिकत्वाचा विचार करताना यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास उद्बोधक ठरतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ मध्ये तो सालीना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने दिला गेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. तथापि सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. सारा इंग्रज घेत, न्यायही इंग्रजच देत. परंतु कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हता.

ही विसंगती निवडणुकीतही दिसे. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातील मतदार प्रतिनिधी निवडीत. मात्र त्यास सरकारने नामनियुक्त केल्यावरच सभागृहात बसता येई. वणीचे माधव श्रीहरी अणे १९२० च्या दशकात मध्यवर्ती विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी झाले ते याच रीतीने. नामांकित वकिलाची ही स्थिती. मग ज्याच्यापाशी जमीन नाही, म्हणून मतही नाही, त्या अस्पृश्याची काय कथा? तो कोणाची प्रजा, हे त्यास कोणी विचारलेही नाही.

१० ऑगस्ट १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागरिकत्वाची कलमे संविधान सभेपुढे मांडली. मसुदा समितीला एवढी डोकेदुखी क्वचितच एखाद्या कलमाने दिली असेल, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. पाचव्या कलमाने अधिवासाच्या जोडीला तीन पर्याय ठेवले : भारतात स्वतःचा जन्म, आई वा वडिलांचा जन्म, अथवा लगतपूर्वीचा पाच वर्षांचा निवास. जमीन, सारा, जात, धर्म यांपैकी कशाचीही अट नाही. पैनगंगेच्या उत्तरेस उमरखेडला जन्मलेला आणि दक्षिणेस, निजामी मुलखात, हदगावला जन्मलेला असे दोघेही एकाच पायावर नागरिक झाले.

पुढे १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात बदल होत गेले. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांस केवळ येथील जन्म पुरेसा राहिला नाही; आई-वडिलांपैकी एकाचे नागरिकत्व आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून, एकच पालक नागरिक असल्यास दुसरा अवैध स्थलांतरित नसावा, ही अट आली. म्हणजे पुराव्याचा भार मागील पिढीच्या कागदांवर गेला. भूमिहीनाच्या घरी सातबारा नसतो; कोतवाल बुकातील जन्मनोंद आणि शाळेचा दाखला एवढीच त्याची पुंजी.

संविधानाने हक्क दिला. कचेरीत तो कागदाने सिद्ध करावा लागतो. म्हणून आजी-आजोबांच्या जन्माच्या नोंदींच्या नकला आपण आजच काढून जतन कराव्यात, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते.