डेम पेगी ॲशक्रॉफ्ट : मंडळीत रमलेली नटी

चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, कवीचे काव्य पुस्तकात राहते. नटाची भूमिका मात्र पडदा पडताच विरून जाते. बोलपट निघाल्यापासून नटाच्या कलेचा हा जन्मजात शाप टळला, असे आपण मानतो. परंतु हा उःशाप सर्वांना सारखा लाभलेला नाही. इंग्लंडची थोर नटी पेगी ॲशक्रॉफ्ट हिचे चरित्र या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. इंग्लंडबाहेरील बहुसंख्य प्रेक्षकांनी या बाईंना पाहिले ते १९८४ साली, डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या चित्रपटातील वृद्ध मिसेस मूरच्या वेषात. त्या वेळी त्यांचे वय ७६ वर्षांचे होते आणि रंगभूमीवर पहिले पाऊल टाकल्यास ५८ वर्षे लोटली होती. मग ही मधली वर्षे गेली कोठे?

ॲशक्रॉफ्टबाईंचा जन्म २२ डिसेंबर १९०७ रोजी लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडन येथे झाला. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. आईला नाटकाची हौस होती. एल्सी फॉगर्टी या विदुषीच्या नाट्यशाळेत पेगीचे शिक्षण झाले. लॉरेन्स ऑलिव्हिए हा तिचा तेथील सहाध्यायी. त्या शाळेत शुद्ध उच्चार आणि आवाजाची जोपासना यांवर भर असे. पण मुलीच्या मनाची पकड घेतली ती स्टॅनिस्लाव्हस्की या रशियन नाट्याचार्याच्या आत्मचरित्राने. वर्षानुवर्षे एकत्र राहून काम करणारी, कोणा एकाच्या नावावर न चालणारी नाटकमंडळी, हे त्या ग्रंथातील स्वप्न तिने उराशी धरले. तिच्या पुढील आयुष्याची किल्ली येथेच सापडते.

१९२६ साली बर्मिंगहॅम येथे तिने प्रथम धंदेवाईक रंगभूमीवर काम केले. १९३० साली लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात निग्रो नट पॉल रोब्सन याच्या ऑथेल्लोसमोर ती डेस्डिमोना झाली. गोरी नटी कृष्णवर्णी नटाची पत्नी म्हणून रंगमंचावर यावी हे कित्येकांना सहन झाले नाही, आणि तिच्याकडे निर्भर्त्सनेची पत्रे आली. बाईंनी भूमिका सोडली नाही. वर्णद्वेष म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यांना रंगभूमीनेच दिला.

यानंतर १९३२–३३ चा हंगाम आला. लिलियन बेलिसबाईंच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात सामान्य माणसाला परवडेल अशा दरात शेक्सपिअर दाखवीत. तेथे त्यांनी एकाच हंगामात पोर्शिया, रोझलिंड, ज्युलिएट, मिरांडा अशा एकामागून एक भूमिका केल्या. १९३५ साली जॉन गिलगुड यांनी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसविले. गिलगुड आणि ऑलिव्हिए यांनी रोमिओ व मर्क्युशिओ या भूमिका आळीपाळीने केल्या. ज्युलिएट मात्र एकच, पेगी ॲशक्रॉफ्ट. याच वर्षी हिचकॉक यांच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ या बोलपटात तिने एका स्कॉटिश शेतकऱ्याच्या दीनवाण्या बायकोचे लहानसे काम केले. दैवाची लीला पाहा. ती शेतकरीण फिल्मवर आजही जिवंत आहे. ज्या ज्युलिएटने लंडन मोहून गेले, ती छायाचित्रांत आणि टीकाकारांच्या लेखांत तेवढी उरली.

पुढेही असेच घडले. १९४९ साली ‘द एअरेस’ मधील आणि १९५२ साली ‘द डीप ब्लू सी’ मधील नायिका त्यांनी लंडनच्या रंगभूमीवर उभ्या केल्या. पडद्यावर त्याच भूमिका अनुक्रमे ऑलिव्हिया डी हॅविलंड आणि व्हिव्हियन ली यांच्याकडे गेल्या. बाई नाटकातच रमलेल्या होत्या. १९५६ साली त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. एवढ्या मानमरातबानंतर एखादी नटी आपल्या नावावर सुखाने नाटके चालविती.

परंतु १९६० साली पीटर हॉल या तिशीच्याही आतल्या दिग्दर्शकाने स्ट्रॅटफर्ड येथे कायम स्वरूपाची मंडळी उभारण्याचा संकल्प सोडला. नटांशी दीर्घ मुदतीचे करार करावयाचे आणि लंडनमध्येही दुसरे नाट्यगृह चालवावयाचे, अशी ती योजना होती. तिच्या यशाची शाश्वती कोणालाच नव्हती. बावन्न वर्षांच्या ॲशक्रॉफ्टबाई प्रारंभीच तिला येऊन मिळाल्या आणि त्यांच्या नावाचे वजन त्या संकल्पामागे उभे राहिले. हीच संस्था १९६१ पासून रॉयल शेक्सपिअर कंपनी या नावाने ओळखली जाऊ लागली. पस्तीस वर्षांपूर्वी पुस्तकात पाहिलेले स्वप्न असे विटामातीचे झाले.

या मंडळीत त्यांची कीर्ती शिखरास पोचली ती १९६३ साली. हॉल आणि जॉन बार्टन यांनी शेक्सपिअरच्या चार ऐतिहासिक नाटकांची तीन नाटके करून त्यांना ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ हे नाव दिले. तीत बाईंनी राणी मार्गारेट केली. फ्रान्सहून नुकतीच आलेली तरुण राजकन्या, मग रणांगणावरील क्रूर राणी, मग पुत्रशोकाने विदीर्ण झालेली माता, आणि शेवटी शापवाणी उच्चारीत फिरणारी जख्ख म्हातारी! पंचावन्न वर्षांच्या एका स्त्रीने हे सारे आयुष्य प्रेक्षकांसमोर उलगडले. सुदैवाने बी.बी.सी.ने हे प्रयोग चित्रित करून १९६५ साली दाखविले. म्हणून एवढा ठेवा तरी हाती राहिला.

आता पुन्हा १९८४ कडे वळू. त्याच वर्षी ‘द ज्युएल इन द क्राउन’ या दूरचित्रमालिकेत त्यांनी बार्बी बॅचलर ही निवृत्त मिशनरी शिक्षिका रंगविली. बार्बी आणि मिसेस मूर या दोघीही ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानात एकाकी पडलेल्या वृद्धा. मशिदीत डॉक्टर अझीझशी बोलताना मिसेस मूर बोलतात थोडे आणि ऐकतात फार. त्या ऐकण्यातच त्यांचे सारे अंतःकरण दिसते. समोरच्या नटाचे मनापासून ऐकणे ही विद्या मंडळीतच शिकावी लागते. तिला फळ आले ते फार उशिरा. १९८५ साली या भूमिकेबद्दल त्यांना दुय्यम भूमिकेचे ऑस्कर मिळाले, तेव्हा त्यांना ७७ वे वर्ष संपून गेले होते. १४ जून १९९१ रोजी त्या निवर्तल्या.

पडद्याने त्यांचे वार्धक्य तेवढे जपले, तारुण्य जपले नाही, याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नटाचा वारसा केवळ त्याच्या मुद्रेत असतो असे नव्हे. ज्या मंडळीच्या पायाशी त्यांनी आपले नाव ठेवले, ती त्यांच्या पश्चात नव्या नटनटींना घेऊन उभी राहिली आहे. त्यांची ज्युलिएट आपणांस दिसणार नाही. पण नवी ज्युलिएट जेथे घडावी, ते घर त्यांनी बांधविले.