हळू चालणाऱ्या इंजिनाची गोष्ट

खेळण्यातली आगगाडी वेगाने पळवणे मुळीच अवघड नाही. चावी दिली की ती सुसाट सुटते आणि पहिल्याच वळणावर रुळांवरून घसरते. अवघड आहे ते तिला हळू चालवणे. यार्डातले शंटिंगचे इंजिन कसे सावकाश मागे येते, उभ्या वाघिणीला हलकेच टेकते, तिला जोडून घेते आणि धक्का न देता निघते! इंजिनाच्या छोट्या प्रतिकृतीकडून हेच काम करून घेण्यासाठी हौशी मंडळींना आणि कारखानदारांना जवळजवळ शंभर वर्षे खटपट करावी लागली. या खटपटीत शालेय भौतिकशास्त्रातली कितीतरी प्रकरणे हजेरी लावून जातात. म्हणूनच हा इतिहास आम्हांला शिक्षकांपुढे ठेवावासा वाटला.

शंटिंगचे कोडे

प्रतिकृती रेल्वेच्या छंदात एक पंथ लांब गाड्या गोल फिरवणाऱ्यांचा, तर दुसरा शंटिंग करणाऱ्यांचा. दुसऱ्या पंथाला जागा थोडी लागते, डोके मात्र बरेच चालवावे लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील जॉन अ‍ॅलन यांनी 'टाइमसेव्हर' नावाचे शंटिंगचे कोडे तयार केले. ते १९७२ मध्ये 'मॉडेल रेलरोडर' या मासिकात प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन राइट यांचे 'इंग्लनुक सायडिंग्ज' गाजले. नॉर्थम्बरलँडमधील किलहॅम येथील खऱ्या सायडिंगवरून त्यांना ते सुचले होते. त्यात दोन सांधे, तीन फाटे आणि आठ वाघिणी एवढाच पसारा असतो. आठांपैकी चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या पाच वाघिणी, ठरलेल्याच क्रमाने, लांब फाट्यावर लावायच्या. अशा गाड्या ८ × ७ × ६ × ५ × ४ म्हणजे ६,७२० प्रकारे लागू शकतात. कोडे लवकर संपण्याची भीती नाही!

या खेळात इंजिन दर मिनिटाला थांबते, उलटे फिरते, पुन्हा निघते. ते सांध्यावर अडखळले किंवा उडी मारून निघाले तर सारी मजाच जाते. बोटाने ढकलावे लागणारे इंजिन घेऊन शंटिंग करता येत नाही.

आकडे काय सांगतात?

उदाहरणासाठी आपण १:८७ हे प्रमाण घेऊ. त्याला 'एचओ' म्हणतात. खरे इंजिन शंटिंग करताना ताशी ५ किलोमीटर वेगाने जाते असे धरले, तर प्रतिकृतीचा वेग सेकंदाला १६ मिलिमीटर हवा. चाकाचा व्यास १२ मिलिमीटर असेल तर त्याच्या एका फेऱ्याला सुमारे २.४ सेकंद लागतील. मोटर आणि चाक यांच्यामध्ये ३०:१ अशी दंतचक्रे असली, तर मोटर मिनिटाला सुमारे ७५० फेरे घेईल. हेच इंजिन ताशी १०० किलोमीटरच्या ऐटीत पळवायचे असेल, तर त्याच मोटरला १५,००० फेरे घ्यावे लागतील.

म्हणजे शंटिंगच्या वेळी मोटर आपल्या वेगाच्या विसाव्या हिश्श्याने चालते. बारा व्होल्टच्या मोटरला वेगापुरता लागणारा दाब तेव्हा अवघा अर्धा-पाऊण व्होल्ट असतो. इतक्या कमी दाबाला घर्षण, धूळ, मोटरमधले अडखळणे अशा प्रत्येक क्षुल्लक गोष्टीचा अडथळा होतो. वाफेच्या खऱ्या इंजिनाचे तसे नसते. ते उभे असतानाच दट्ट्यावर वाफेचा पुरा दाब देता येतो. सावकाश पण जोराने निघणे हा त्याचा स्वभावच आहे. प्रतिकृतीच्या मोटरला तो शिकवावा लागला.

चावीपासून चुंबकापर्यंत

जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांवर चालणारी चावीची रेल्वे मांडली. रूळ, डबे, इंजिने सुटी विकत घेऊन वाढवत नेता येतील अशी ही मांडणी होती. इंग्लंडमध्ये मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या चावीच्या गाड्या १९२० मध्ये आल्या. चावीच्या गाडीत वेगावर ताबा असा नसतोच. कमान ताठ असेपर्यंत ती पळते, सैल झाली की रेंगाळते.

१९३५ मध्ये ट्रिक्स आणि मेर्क्लिन या दोन्ही जर्मन कंपन्यांनी टेबलावर मावतील अशा छोट्या विजेच्या गाड्या बाजारात आणल्या. इंजिन लहान झाले तशी मोटरही लहान करावी लागली. अशा मोटरसाठी बलवान स्थायी चुंबक फार उपयोगी पडतो. जपानमधील तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ मध्ये लोह, निकेल आणि अ‍ॅल्युमिनिअम यांच्या मिश्रधातूचा असा चुंबक शोधला होता. त्यातूनच पुढे 'अल्निको' चुंबकांचे घराणे वाढले. स्थायी चुंबकाच्या मोटरचा आणखी एक फायदा असा की रुळांतील धन आणि ऋण टोकांची अदलाबदल केली की इंजिन उलटे चालते. शंटिंगला आणखी काय हवे?

परंतु आर्मेचरला तीनच ध्रुव असले की एका फेऱ्यात ते चुंबकाच्या ओढीने ठराविक जागी अडते. वेगात हे जाणवत नाही, हळू चालताना मात्र इंजिन ठेचकाळते. यावर आधी पाच ध्रुवांची आर्मेचरे आली, मग तिरप्या खाचांची आली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील फ्रिट्झ फाउलहाबर यांनी आर्मेचरमधला लोखंडी गाभाच काढून टाकला आणि तिरप्या गुंडाळीची पोकळ तारेची टोपी फिरती ठेवली. लोखंड नाही, म्हणून अडखळणेही नाही. अशा मोटरी पुढे चांगल्या प्रतिकृतींमध्ये बसू लागल्या.

पहिला धक्का

वस्तू सरकत ठेवण्यापेक्षा तिला जागची हलवायला जास्त बल लागते, हे आपण वर्गात शिकवतो. फ्रान्सच्या कूलाँ यांनी १७८१ मध्ये घर्षणावर प्रबंध लिहिला. वस्तू जितका वेळ टेकून राहते तितके तिचे स्थितिक घर्षण वाढत जाते, हेही त्यांनी त्यात नोंदवले होते. प्रतिकृतीचे दुखणे नेमके हेच आहे. नियंत्रकाची खुंटी हळूहळू फिरवावी, इंजिन ढिम्म हलू नये, आणि हलले की उडीच मारावी. कारण तोवर रुळांत दाब जास्त झालेला असतो.

यावर एक नामी युक्ती निघाली. विजेचा सपाट प्रवाह देण्याऐवजी ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्याचा दाब पुरेसा मोठा, त्यामुळे घर्षण मोडते. ठोका क्षणभराचाच, त्यामुळे सरासरी वेग कमी राहतो. घट्ट बसलेले झाकण आपण एकसारखे न ओढता थोडे थोडे हिसडतो, तसेच हे. सुरुवातीला प्रत्यावर्ती विजेच्या अर्ध्याच लाटा वापरून हे साधत. १९६०च्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि 'मॉडेल रेलरोडर'चे संपादक लिन वेस्टकॉट यांनी वाचकांना घरी जुळवता येतील असे नियंत्रकांचे आराखडे दिले. ठोक्यांनी मोटर गुरगुरते व तापते, हा तोटा होता. गाभा नसलेल्या नाजूक मोटरींना तर तो सोसत नसे.

रूळ, चाक आणि तिपाई

वीज रुळांतून चाकांत आणि चाकांतून मोटरमध्ये जाते. ही वाट तुटली की सगळे संपले. पितळी रूळ लवकर काळवंडतात आणि तो थर वीज नीट जाऊ देत नाही. म्हणून पुढे भांड्यांसाठी आपल्याकडे परिचित असलेल्या जर्मन सिल्व्हरचे रूळ रूढ झाले. या मिश्रधातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी नावालाही नसते. त्यावर जमणारा थर तुलनेने कमी त्रास देतो.

चाकांची गोष्ट आणखी मजेदार आहे. चार पायांचे टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगते, तिपाई कधीच डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून एक प्रतल नेहमीच जाते. चार चाकांचे ताठ सांगाड्याचे इंजिन म्हणजे डुगडुगते टेबल. एक चाक नेहमी किंचित अधांतरी राहणार. हौशी कारागिरांनी एक आस मध्यभागी खिळीवर टेकवून तो डोलता ठेवला. इंजिन तीन बिंदूंवर उभे राहिले आणि चारही चाके रुळांना चिकटली.

फ्लायव्हीलची मदत आणि तिची मर्यादा

खरे इंजिन जडत्वामुळे पुढे जात राहते. ८० टनांच्या इंजिनाची प्रतिकृती मात्र ८७ च्या घनाने हलकी, म्हणजे सुमारे १२० ग्रॅमची होते. शिसे भरून ती २५० ग्रॅमची केली तरी वीज तुटताच ती जागीच थबकते. म्हणून मोटरच्या आसावर पितळेचे फ्लायव्हील बसवू लागले. १५ मिलिमीटर व्यासाचे, १० मिलिमीटर लांबीचे फ्लायव्हील जेमतेम १५ ग्रॅमचे असते. पण ते मोटरच्या वेगाने फिरत असल्याने वरच्या उदाहरणात त्याची गतिज ऊर्जा सबंध इंजिनाच्या पुढे जाण्याच्या गतिज ऊर्जेच्या सुमारे ४० पट भरते!

मर्यादा अशी की ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. विसाव्या हिश्श्याच्या वेगाला ती चारशेव्या हिश्श्यावर येते. जिथे मदत सर्वांत जास्त हवी, तिथेच फ्लायव्हील सर्वांत दुबळे ठरते.

मोटरलाच विचारा

आतापर्यंतचे सगळे उपाय अडथळे कमी करण्याचे होते. इंजिन प्रत्यक्ष किती वेगाने चालले आहे, हे नियंत्रकाला ठाऊकच नव्हते. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या यंत्रावर फिरत्या गोळ्यांचा गतिनियंत्रक बसवला होता. वेग वाढला की तो वाफ कमी करी, घटला की वाढवी. हीच कल्पना प्रतिकृतीच्या कामी आली. फिरती मोटर जनित्रही असते आणि लेन्झच्या १८३४ च्या नियमाप्रमाणे तिच्यात उलटा दाब निर्माण होतो. तो वेगाच्या प्रमाणात असतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी तो मोजला की मोटरचा वेग कळतो. मग वेग घटल्यास पुढचा ठोका मोठा करायचा.

हा दाब रुळांतून मोजणारे नियंत्रक आधी आले. पण मळकट रुळामुळे मोजणीच चुके. खरी सुटका झाली ती इलेक्ट्रॉनिक मेंदू इंजिनाच्या पोटात गेल्यावर. जर्मनीतील लेन्झ इलेक्ट्रॉनिक कंपनीच्या पद्धतीवर आधारित अंकीय नियंत्रणाची मानके अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. (नियमवाले लेन्झ आणि ही कंपनी यांच्यात नाव सोडून काही समान नाही.) यात रुळांत नेहमी पुरा दाब असतो आणि त्याच्या उलटसुलट होण्यातच संदेश भरलेला असतो. '१' या अंकासाठी अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची, तर '०' साठी १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांची.

पुरा दाब कायम असल्याने एक जुनी अडचण आपोआप हलकी झाली. इंजिनात कपॅसिटर भरून ठेवता येऊ लागला. मोटर ५० मिलिअँपिअर प्रवाह घेते आणि दाब ७ व्होल्ट उतरला तरी चालतो असे धरू. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ०.१४ सेकंद, म्हणजे २ मिलिमीटरपुरता पुरेल. दशांश फॅरडचा सुपर कपॅसिटर १४ सेकंद पुरेल, म्हणजे इंजिन सुमारे २२ सेंटिमीटर चालेल. सांध्यावरचा निर्जीव तुकडा ओलांडायला हे भरपूर झाले.

तरीही डोलता आस, स्वच्छ रूळ आणि तेलाचा एक थेंब यांची गरज संपलेली नाही. जाम झालेले दंतचक्र कोणताही मेंदू सैल करू शकत नाही.

वर्गात करून पाहा

खेळण्यातल्या दोन मोटरींचे आस रबरी नळीच्या तुकड्याने जोडा. एकीला सेल जोडून फिरवा आणि दुसरीला व्होल्टमीटर लावा. वेग बदलला की काटा कसा हलतो ते विद्यार्थ्यांना मोजू द्या. दुसरा प्रयोग काड्यापेट्यांचा आहे. आठ पेट्यांवर अंक लिहा. जमिनीवर खडूने ५, ३ आणि ३ पेट्या मावतील असे तीन फाटे काढा. इंजिन आणि तीन पेट्या मावतील एवढीच पुढची मार्गिका ठेवा. सुरुवातीला पाच पेट्या लांब फाट्यावर आणि तीन एका आखूड फाट्यावर उभ्या करा. पाच चिठ्ठ्या उचला, गाडी लावा आणि हालचाली मोजा. विजेचा खर्च शून्य, आणि तास कधी संपला ते मुलांना कळणारही नाही.