गुरू जमिनीवर, शिष्य आकाशात

जुन्नर तालुक्यातल्या बेल्हे गावी सोमवारी बैलांचा बाजार भरतो. तिथून खोंड घेऊन आलेला शेतकरी त्याला पहिल्याच दिवशी एकट्याला औताला जुंपत नाही. जुवाच्या दुसऱ्या बाजूला मुरलेला बैल असतो. खोंड बिथरला तर तो आवरतो आणि तासाच्या टोकाला कसे वळायचे, तेही तोच दाखवतो.

विमानविद्येतही हीच रीत रूढ झाली. १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने दोन आसनांच्या विमानातून शिकवण्याची शिस्तशीर पद्धत बसवली. गुरू आणि शिष्य या दोघांच्याही हाती नियंत्रण असे. मुंबईत जे. आर. डी. टाटा शिकले तेही दोन आसनी ‘मॉथ’ विमानावर. फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यांना मिळालेला वैमानिकाचा परवाना क्रमांक एकचा होता.

त्याच सुमारास जर्मनीत मात्र एक उलटा प्रयोग चालू होता. तिथे शिकाऊ मुलाला पहिल्या दिवसापासून विमानात एकट्यानेच बसवत.

याचे मूळ १९१९ च्या व्हर्सायच्या तहात होते. या तहाने जर्मनीला लष्करी हवाई दल ठेवण्यास मनाई केली आणि विमाने बांधण्यावरही काही वर्षे कडक बंधने आली. बिनइंजिनाच्या ग्लायडरचा मात्र तहात विचार नव्हता. तेव्हा उत्साही तरुण ऱ्होन भागातल्या वासरकुप्पे या सुमारे ९५० मीटर उंचीच्या डोंगरावर जमू लागले. १९२० साली तिथे ग्लायडरची पहिली स्पर्धा झाली. १९२६ च्या सुमारास अलेक्झांडर लिपिश या संशोधकाने खास नवशिक्यांसाठी एक ग्लायडर तयार केला. त्याचे नाव ‘त्सोग्लिंग’, म्हणजे विद्यार्थी.

या विमानाला बंद अंग असे नव्हतेच. लाकडी सांगाडा, तारांनी ताणलेले सुमारे दहा मीटर लांबीचे पंख, खाली घसरपट्टी आणि पुढे उघड्यावर एकच आसन. विमान उडवायचे ते रबरी दोराने. दोराची दोन टोके धरून सवंगडी उताराच्या दिशेने उभे राहत आणि काही जण शेपूट धरून ठेवत. मग हुकूम सुटे : ‘ताणा! पळा! सोडा!’ गलोलीतून खडा सुटावा तसे विमान सुटे.

दुसरे आसन नसण्याचे कारण सरळ होते. एकच माणूस असला की विमान हलके होई, स्वस्त पडे आणि दोराच्या ताणावर उडे. पंख मोडले तर मुलेच कार्यशाळेत ते दुरुस्त करत. शिक्षण पायरीपायरीने चाले. आधी वाऱ्यासमोर बसून नुसते पंख समतोल ठेवायचे, मग जमिनीवरून घसरायचे, मग थोडी उडी आणि शेवटी डोंगरउतारावरून भरारी. तीस सेकंद उडालेल्याला ‘अ’ प्रमाणपत्र आणि एका समुद्रपक्ष्याचे चित्र असलेला बिल्ला मिळे. ‘क’ दर्जासाठी बिल्ल्यावर असे तीन पक्षी असत.

यात धोका होताच. चूक झाली तर गुरू खालून फक्त ओरडू शकत असे. पुढे नामांकित वैमानिक झालेली हान्ना राइट्श ग्रुनाऊच्या शाळेत अशाच विमानावर शिकली. आत्मचरित्रात तिने सांगितले आहे, की नुसते घसरण्याची आज्ञा असताना तिने विमान वर उचलले आणि शिक्षा म्हणून तिचे उड्डाण काही दिवस बंद झाले.

पण खरा धोका वेगळाच निघाला. ज्या विद्येने गरीब घरातल्या मुलालाही आकाश खुले केले, तिच्यावर १९३३ नंतर नाझी सत्तेने कब्जा केला. १९३५ साली हिटलरने हवाई दल उघडपणे जाहीर केले, तेव्हा उडण्याची गोडी लागलेली पिढी तयारच होती. १९३८ साली आलेला ‘एस. जी. ३८’ हा त्सोग्लिंगचाच वारसदार. तो हजारोंच्या संख्येने बांधला गेला आणि त्यावर हिटलरच्या युवक संघटनेतली पोरे शिकली. छंद म्हणून शिकलेली विद्या अनेकांना रणांगणावर घेऊन गेली. राइट्शही नाझी राजवटीची चाचणी वैमानिक बनली. युद्ध हरल्यावर जर्मनीत ग्लायडर उडवण्यावरच बंदी आली, ती १९५१ मध्ये उठली.

महायुद्धानंतर जगभर दोन आसनी ग्लायडरवर शिकवणे रूढ झाले. पुण्याजवळ हडपसरला स्वातंत्र्योत्तर काळात ग्लायडिंगचे सरकारी केंद्र निघाले. आपल्या देशातच घडवलेल्या ‘रोहिणी’ ग्लायडरचे पहिले उड्डाण १९६१ चे. त्यात गुरू आणि शिष्य शेजारीशेजारी बसतात, एका जुवाखालच्या जोडीसारखे.

तरीही एक दिवस गुरू उतरतो आणि शिष्य पहिल्यांदा एकटा उडतो. त्सोग्लिंगने हा शेवटचा धडाच पहिला केला. त्यामुळे मुले लवकर धीट झाली यात शंका नाही. त्यांचे धाडस कुणाच्या कामी येणार, हे मात्र त्यांच्या हातात राहिले नाही.