मेंढपाळ, शिकारी आणि कोयोट

आपल्या गोष्टींतला कोल्हा लबाड असतो, पण मोठा गुन्हेगार नसतो. निळीच्या पिंपात पडून रानाचा राजा झालेल्या कोल्ह्याची गोष्ट मी वर्गात सांगतो, तेव्हा मुले त्याला हसतात. त्याच्यावर दात कोणी धरीत नाही. दात धरला जातो तो लांडग्यावर. अमेरिकेत या दोघांच्या मधला एक प्राणी आहे. कोल्ह्याहून थोडा मोठा, लांडग्याहून पुष्कळ लहान, रंगाने मातकट आणि आवाजाने माळरान भरून टाकणारा. मेक्सिकोच्या जुन्या नाहुआ लोकांनी त्याला दिलेले नाव स्पॅनिशांच्या तोंडून पुढे गेले आणि तो कोयोट झाला. तेथील आदिवासींच्या कथांत तो कधी जगाचा कर्ता असतो, तर कधी स्वतःच्याच युक्तीत फसलेला महामूर्ख. १८२३ साली टॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले. त्या लॅटिन नावाचा अर्थ ‘भुंकणारा कुत्रा’.

या भुंकणाऱ्या कुत्र्याविरुद्ध अमेरिकेने शंभराहून अधिक वर्षे युद्ध केले. फिर्यादी दोन. एक मेंढपाळ, त्याची कोकरे कोयोट खातो. दुसरा हरणांचा शिकारी. त्याच्या वाट्याची पाडसे कोयोट खातो. मी हा इतिहास वाचू लागलो तो एका साध्या प्रश्नासाठी. फिर्याद खरी होती काय? आणि खरी असेल, तर दिलेल्या शिक्षेने फिर्यादीचे दुःख कमी झाले काय? हे प्रश्न दोन आहेत. सगळा घोटाळा ते एकच समजण्यातून झाला, असे माझे मत आहे.

प्रथम लांडगा गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेच्या गवताळ मुलुखातून रानगव्यांचे कळप नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी गुरे व मेंढ्या आल्या. लांडग्यांसाठी मेलेल्या जनावरांत स्ट्रिक्निन भरून ठेवू लागले. हे विष काढतात ते काजऱ्याच्या बियांतून. कोकण-मलबारच्या रानात वाढणाऱ्या झाडाचे बी दूरच्या लांडग्याच्या पोटात असे गेले. १९०५ साली मोंटाना राज्याने तर कायदा करून पकडलेल्या लांडगे-कोयोटांना खरजेची लागण करून सोडण्याचे काम सरकारी पशुवैद्याकडे दिले. १९१५ साली वॉशिंग्टनच्या काँग्रेसने हिंस्र प्राण्यांच्या संहारासाठी सव्वा लाख डॉलर मंजूर केले आणि पगारी शिकारी नेमले गेले. १९२६ पर्यंत यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानातही लांडगा उरला नाही.

लांडगा संपला तेव्हा खाते बंद व्हायला हवे होते. पण सरकारी खाते एकदा उघडले की त्याला काम लागते. आता पाळी आली कोयोटची. २ मार्च १९३१ रोजी अध्यक्ष हूव्हर यांची सही होऊन जो कायदा झाला, त्याने शेती व पशुधनाला उपद्रवी ठरलेल्या प्राण्यांचा नाश हे सरकारचे कायमचे काम ठरले. गंमत अशी की कोयोटचा सर्वांत मोठा वैरी लांडगाच होता. आपल्या हद्दीत शिरलेल्या कोयोटला तो ठार करी. माणसाने लांडगा मारला आणि कोयोटला रान मोकळे करून दिले.

याच काळात शिकाऱ्याची समजूतही कसाला लागली. ‘हिंस्र जनावर कमी, तर हरणे जास्त’ हे गणित इतके सोपे, की कोणालाही पटावे. ॲरिझोनातील कैबाब पठारावर १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीला बंदी असलेले राखीव रान केले. हरणे राखायची म्हणून पुढच्या दीड तपात तेथे शेकडो पहाडी सिंह आणि हजारो कोयोट मारले गेले. हरणे वाढली. किती वाढली याची धड मोजणी झाली नव्हती. १९२४ च्या सुमाराचे अंदाज तीस हजारांपासून एक लाखापर्यंत जातात. पाला तोंड पोचेल तेथवर खाऊन संपला. मग कोणा धाडसी माणसाने हरणे हाकून ग्रँड कॅन्यनच्या दरीपलीकडे नेण्याचे ठरवले. १९२४ च्या डिसेंबरात घोडेस्वार आणि पायी चालणारे नव्हाहो आदिवासी घंटा वाजवीत निघाले. झेन ग्रे हा कादंबरीकारही पाहायला हजर होता. वर बर्फाचे वादळ, खाली झाडी, आणि हरणे हाकणाऱ्यांच्या मधूनच मागे पळाली. एकही पलीकडे गेले नाही. त्या व पुढच्या हिवाळ्यांत ती उपाशी मेली.

पुढे १९७० साली ग्रॅम कॉली या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की त्या पठारावरच्या मेंढ्या व गुरेही त्याच काळात कमी झाली होती. म्हणजे हरणे वाढण्याचे सगळे श्रेय हिंस्र प्राण्यांच्या संहाराला देता येत नाही. ही दुरुस्ती रास्त आहे. पण त्यामुळे जुने सोपे गणित खरे ठरत नाही. उलट रानाचे गणित एका ओळीत मांडता येत नाही, एवढेच पुन्हा सिद्ध होते. आल्डो लिओपोल्ड हा वनाधिकारी तरुणपणी शिकाऱ्यांच्या बाजूने या संहाराचा मोठा प्रचारक होता. उतारवयात त्याने आपले मत बदलले आणि तसे लिहून ठेवले. तो मजकूर असलेले पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९४९ साली निघाले.

तिकडे अडॉल्फ म्यूरी हा उद्यान-सेवेतला संशोधक यलोस्टोनमध्ये कोयोटची विष्ठा गोळा करीत हिंडत होता. काम नाकाला रुमाल लावण्याजोगे. पण कोयोट काय खातो याची साक्ष दुसरीकडे कोठे मिळणार? पाच हजारांवर नमुने तपासून त्याने १९४० साली सांगितले की कोयोटचे पोट मुख्यतः उंदीर आणि बिळे करणारे लहान प्राणी यांच्यावर चालते, आणि उद्यानातल्या हरणांच्या संख्येवर त्याचा परिणाम फारसा नाही.

मात्र उंदीर खाणाऱ्या कोयोटचे गुण गाणाऱ्यांनी मेंढपाळाला खोटे पाडू नये. तो खोटे बोलत नाही. शिकारी जनावरांनी मारलेल्या अमेरिकेतील मेंढ्यांपैकी निम्म्याहून अधिक कोयोटच मारतो. रोगराई, हवामान आणि बाळंतपणातले मृत्यू मिळून याहून मोठे भरतात, हेही खरे. पण सरासरी ही मोठी निर्दय गोष्ट असते. पुष्कळ कळपांना वर्षभरात कोयोटचा उपद्रव शून्य होतो आणि एखाद्या कळपात रात्रीमागून रात्र कोकरे पडतात. ज्याची पडतात त्याला देशाची सरासरी ऐकवून काय उपयोग? त्यातून हा धंदाच खाली चाललेला. १९४२ साली त्या देशात साडेपाच कोटींवर मेंढ्या होत्या. आज पन्नास लाखांच्या आसपास आहेत. कृत्रिम धागा आला, मटणाची आवड घटली, बाहेरचा माल आला, राखणीला माणूस मिळेना. ही कारणे मेंढपाळाला बंदूक रोखून दाखवता येत नाहीत. कोयोट दाखवता येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘दहाऐंशी’ या नंबरानेच ओळखले जाणारे नवे विष आले. ते खाऊन गरुड, कुत्री, खोकडे, जे येईल ते मरे. १९६४ साली सरकारनेच नेमलेल्या समितीने हा संहार गरजेपेक्षा फार अधिक आणि आंधळा असल्याचा निर्वाळा दिला. समितीचा अध्यक्ष होता स्टार्कर लिओपोल्ड, त्या आल्डोचाच मुलगा. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर हिंस्र प्राण्यांसाठी विष वापरण्यास बंदी केली. त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. अमेरिकन मेंढपाळाला ही बंदी शहरी लोकांनी केलेला विश्वासघात वाटली. १९८२ साली अध्यक्ष रेगन यांनी तो हुकूम मागे घेतला. सापळे आणि विमानातून गोळीबार तर मधल्या काळातही थांबले नव्हते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातही सरकारी माणसे वर्षाला साठ-सत्तर हजार कोयोट मारीत होती.

आणि कोयोट? पश्चिमेच्या माळरानातला हा प्राणी तोवर उत्तरेस अलास्का, पूर्वेस अटलांटिकचा किनारा आणि दक्षिणेस पनामा येथपर्यंत पोचला होता. १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या दोन संशोधकांनी हिशेब मांडला, की दरवर्षी शंभरांतले सत्तर मारले तरी ही जात टिकून राहते. संख्या घटली की उरलेल्यांना खाणे भरपूर मिळते, कमी वयाच्या माद्या वितात आणि पिल्ले अधिक जगतात.

पूर्वेकडच्या शिकाऱ्याची तक्रार यातूनच उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे पांढऱ्या शेपटीचे हरीण जवळजवळ संपले होते. ते पुन्हा वाढले त्यात शिकाऱ्यांच्या परवाना-फीचा आणि १९३७ च्या कायद्याने बंदूक-काडतुसांवरच्या करातून वन्यप्राण्यांसाठी राखलेल्या पैशाचा वाटा मोठा. आपण पैसे भरून वाढवलेले हरीण नव्याने आलेला कोयोट खातो, ही त्याची चीड मला समजते. तीही निराधार नाही. दक्षिण कॅरोलायनात सव्हाना नदीकाठच्या सरकारी रानात पाडसांवर पाळत ठेवली, तेव्हा चार महिन्यांच्या आत सुमारे तीनचतुर्थांश मेली आणि त्यांतल्या मोठ्या वाट्याचा धनी कोयोट निघाला. मग तेथे तीन वर्षे कोयोट मारून पाहिले. गुण आला तो वर्षागणिक वेगळा, आणि बेताचाच. संशोधकांचे म्हणणे पडले की त्यापेक्षा शिकाऱ्यांनी माद्या कमी माराव्यात. पश्चिमेस यूटा राज्याने तरीही २०१२ साली हरणे राखण्यासाठी कोयोटमागे पन्नास डॉलर बक्षीस लावले. त्याच देशात मका-सोयाबीनचा शेतकरी मात्र ही हरणे पीक खातात म्हणून त्रासलेला! त्याच्या बांधावर कोयोटने पाडस धरले तर तो कोणाकडे फिर्याद नेणार?

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॉपलंड येथील मेंढवाड्यावरची पाहणी. १९९० नंतरच्या दशकात तेथे आढळले की कोकरे मारतात ती मुख्यतः हद्द धरून राहिलेली, पिल्ले वाढवणारी जोडपी. ती वयाने मुरलेली, सापळ्याला न फसणारी. सापळ्यात सापडतात ती बहुधा भटकी तरणी पोरे, ज्यांनी कोकराला तोंडही लावलेले नसते. म्हणजे सरकारी वहीत मेलेल्या कोयोटांचा आकडा वर्षानुवर्षे चढत होता आणि कोकरू मारणारा टेकडीवर बसून तो तमाशा पाहत होता.

मग मेंढपाळाने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. नव्हाहो लोक आपली कुत्री पिल्लू असल्यापासून मेंढ्यांच्याच वाड्यात वाढवतात; असे कुत्रे कळपाला आपले गोत समजते. डार्विनने १८३३ साली दक्षिण अमेरिकेत हीच रीत पाहून लिहून ठेवली आहे. आपला धनगर कुत्र्याशिवाय माळावर उतरत नाही आणि रात्री मेंढरे जाळीत घेतो, यात त्याला कोणी शहाणा म्हणत नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मॅरिन परगण्याने इ. स. २००० च्या सुमारास सरकारी सापळेवाल्यांचा करार संपवला आणि तोच पैसा मेंढपाळांच्या कुंपणांना व राखणीच्या कुत्र्यांना दिला. हा उपाय सर्वत्र पुरा पडेल असे नाही. कुत्रे पोसावे लागते, कुंपणाला खर्च येतो, आणि हजारो एकर डोंगरात विखुरलेल्या कळपाला दोन्ही अपुरी पडतात. एखाद्या मुरलेल्या जोडप्याला मारावेही लागते, आणि तसे करणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार भरल्या ताटावर बसलेल्या माणसाला नाही.

पण हिशेबाची वही कोणती ठेवायची, हे ठरवले पाहिजे. मेंढपाळ सरकारकडे गेला होता तो कोकरू वाचावे म्हणून. सरकारने कोयोट मोजले. निसर्गप्रेमी त्याच्यावर चिडले, त्यांनीही मेलेले कोयोटच मोजले. ज्याच्या नावाने हे शंभर वर्षांचे युद्ध चालले, त्या मेंढपाळाला मात्र वर्षअखेर आपल्या वाड्यात किती कोकरे उभी आहेत एवढेच पाहायचे असते.