मोजणी पुरेशी, तरी रक्त थांबेना

१९१८. स्विस बालरोगतज्ज्ञ एदुआर्द ग्लान्झमान यांच्यापुढे विचित्र रुग्ण होते. रक्तस्राव थांबत नसे, मात्र प्लेटलेटची संख्या योग्य. गुठळी झाली तरी ती नेहमीसारखी आक्रसत नसे. दोष संख्येत नसून प्लेटलेटच्या दुबळेपणात आहे, हे त्यांनी ओळखले. तो दुबळेपणा नेमका कोठे, हे पाहण्याची साधने तेव्हा नव्हती.

त्यासाठी ५६ वर्षे लागली. १९७४ मध्ये पॅरिसमध्ये नर्डेन आणि कान यांनी अशा ३ रुग्णांच्या प्लेटलेटचे आवरण तपासले. त्यातील एक ग्लायकोप्रोटीन, म्हणजे साखर जोडलेले प्रथिन, उणे होते. ती वास्तविक दोन प्रथिनांची जोडी आहे, हे पुढे उलगडले. जखम होताच ही जोडी रक्तातील फायब्रिनोजेनला पकडते आणि त्याच्याच आधाराने शेजारच्या प्लेटलेट एकमेकींना बांधल्या जातात. जोडी नसेल तर गर्दी जमते, साखळी होत नाही.

हा विकार आनुवंशिक. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावे लागते, म्हणून नात्यातील विवाह जेथे होतात तेथे तो अधिक दिसतो. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने, जिचा आरंभ १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाला, भारतीय कुटुंबांतील या विकाराचा अभ्यास केला आहे. परंतु बुलढाण्यातील डोणगावचे एखादे मूल तेथवर पोहोचेल कसे? साध्या तपासणीच्या अहवालात प्लेटलेटची केवळ संख्या येते, आणि ती तर पुरेशीच असते.