मुखपृष्ठकला, अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांची

अद्‌भुतरम्य कादंबरीच्या वेष्टनासाठी किंवा मुखपृष्ठासाठी केलेले चित्र, अक्षरलेखन आणि आकृतिबंध यांचा या कलेत अंतर्भाव होतो. सामाजिक कादंबरीचे मुखपृष्ठ परिचित जगातील एखादी खूण दाखवून भागवू शकते. अद्‌भुतरम्य कादंबरीतील भूमी, प्राणी व माणसे मात्र कोणीच पाहिलेली नसतात. त्यांचे पहिले दर्शन लेखकाच्या शब्दांआधी चित्रकार घडवितो आणि पुष्कळदा तेच वाचकाच्या मनात कायम राहते. हे दर्शन कोणी ठरवावे, लेखकाने, चित्रकाराने की विक्रीची काळजी वाहणाऱ्या प्रकाशकाने, या प्रश्नावरून ब्रिटन व अमेरिका या देशांत वेळोवेळी वाद झाले आहेत.

या चित्रपरंपरेचा एक उगम स्वस्त कथामासिकांत आहे. अमेरिकेत १९२३ मध्ये सुरू झालेल्या वीअर्ड टेल्स या मासिकासाठी मार्गारेट ब्रंडेज (१९००–७६) हिने १९३० नंतरच्या दशकात पेस्टल रंगांत अनेक मुखपृष्ठे केली. रॉबर्ट ई. हॉवर्ड (१९०६–३६) याच्या कोनन या रानटी वीराच्या कथांचाही त्यांत समावेश होता. संकटात सापडलेली अल्पवस्त्रा स्त्री हा तिच्या चित्रांचा नित्याचा विषय. मुखपृष्ठाचा मान मिळावा म्हणून काही लेखक कथेत तसा प्रसंग मुद्दाम घालीत, असे म्हटले जाते. तसे असल्यास चित्राने मजकुराला वळण दिले, असेच म्हणावे लागेल. ‘एम. ब्रंडेज’ ही सही एका स्त्रीची आहे, हे अनेक वाचकांना बराच काळ ठाऊक नव्हते.

याच सुमारास इंग्लंडमध्ये याच्या अगदी उलट उदाहरण घडले. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) याने द हॉबिट (१९३७) या आपल्या पुस्तकाचे वेष्टन स्वतःच चितारले. दोन्ही बाजूंना अरण्य, मागे हिमाच्छादित पर्वतरांग, वर सूर्य व चंद्र आणि भोवती प्राचीन रूनिक लिपीची चौकट, असा त्याचा आकृतिबंध आहे. टॉल्किनला सूर्यासाठी तांबडा रंग हवा होता. परंतु खर्च वाढू नये म्हणून प्रकाशकाने तो वगळला आणि निळा, हिरवा व काळा या रंगांवर काम भागविले. पुढे द लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४-५५) या तीन खंडांसाठीही त्याने आकृतिबंध तयार केले. तथापि काटकसरीसाठी तिन्ही खंडांवर मुद्रा व नेत्र यांचा एकच आकृतिबंध छापण्यात आला.

१९६५ मध्ये अमेरिकेत या ग्रंथाच्या पेपरबॅक आवृत्त्यांवरून मोठा वाद झाला. एस बुक्स या प्रकाशनसंस्थेने लेखकाच्या संमतीवाचून ७५ सेंट किंमतीची आवृत्ती काढली, तेव्हा बॅलंटाइन बुक्सने ९५ सेंटची अधिकृत आवृत्ती घाईने बाजारात आणली. तिच्या मलपृष्ठावर, हीच आवृत्ती विकत घ्यावी, असे टॉल्किनचे निवेदन छापले होते. मुखपृष्ठे बार्बारा रेमिंग्टन (१९२९–२०२०) हिची होती. तिला पुस्तके वाचण्यास अवधीच मिळाला नव्हता. बॅलंटाइनने याच सुमारास काढलेल्या द हॉबिटच्या आवृत्तीवर तिने सिंह, शहामृगासारखे पक्षी आणि गुलाबी फळांचे झाड रंगविले. यांचा कथेशी संबंध काय, असा प्रश्न संतप्त टॉल्किनने आपल्या प्रकाशकाला पत्रातून केला. पुढील मुद्रणांत सिंह काढून टाकण्यात आला. असे असले, तरी तीन खंडांची मुखपृष्ठे शेजारी ठेवली असता होणारे तिचे सलग भूदृश्य भित्तिचित्र म्हणूनही छापले गेले आणि त्या पिढीतील तरुण वाचकांना ते फार आवडले. लेखकाचा राग रास्त होता. चित्राची मोहिनीही खरी होती.

यानंतरच्या वर्षी फ्रँक फ्राझेटा (१९२८–२०१०) याचे कोनन द ॲडव्हेंचरर (१९६६) या पुस्तकावरील तैलचित्र प्रसिद्ध झाले. प्रेतांच्या राशीवर तलवार रोवून उभा असलेला दणकट योद्धा, पायाशी स्त्री आणि मागे धूसर, पेटलेले आकाश, या रचनेने कोननचे रूप कायमचे निश्चित केले. ज्या कथांसाठी त्याने चित्रे काढली, त्या आपण वाचल्याच नव्हत्या, असे फ्राझेटाने सांगितले आहे. पुष्कळांनी पुस्तक विकत घेतले ते चित्रासाठी. मुखपृष्ठाचे चित्र म्हणजे प्रकाशकाची मालमत्ता, ही रूढी मोडून मूळ चित्रे स्वतःकडे राखण्याचा त्याचा आग्रह असे. त्याच्या चित्रांचा संग्रह १९७५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला, आणि कोनन द काँकररसाठी केलेले त्याचे चित्र २००९ मध्ये दहा लाख डॉलरला विकले गेले. त्याच्या अनुकरणाने पुढे पेपरबॅकच्या फळ्या पीळदार स्नायूंनी भरून गेल्या, ही मात्र दुःखद बाब होय.

बॅलंटाइनच्या प्रौढांसाठीच्या अद्‌भुतकथामालेत (१९६९–७४) खेर्वासिओ गायार्दो या स्पॅनिश चित्रकाराची स्वप्नवत, सौम्य चित्रे आढळतात. १९७७ मध्ये टेरी ब्रुक्सच्या द सोर्ड ऑफ शनारा या कादंबरीला लाभलेल्या विक्रीत हिल्डेब्रँट बंधूंच्या उजळ चित्रांचा वाटा होता. ब्रिटनमध्ये जॉश कर्बी (१९२८–२००१) याने टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड मालेसाठी गर्दीने फुललेली विनोदी चित्रे काढली. मूळ संहितेत चष्मेवाल्या पात्राला उद्देशून ‘चार डोळ्यांचा’ असा शब्दप्रयोग होता. कर्बीने त्याला खरोखरच चार डोळे काढले.

ही चूक हसून सोडून देता येते, अर्सुला के. ल गिन (१९२९–२०१८) हिच्या वाट्याला आलेला अनुभव तसा नव्हता. अ विझर्ड ऑफ अर्थसी (१९६८) या कादंबरीचा नायक गेड ताम्रवर्णी आहे, त्याचा मित्र काळा आहे, आणि गोरे लोक हे दूरच्या बेटांवरील आक्रमक आहेत. गोऱ्या वाचकाने नायकाशी आधी एकरूप व्हावे आणि त्याचा वर्ण नंतर लक्षात घ्यावा, अशी तिची हेतुपूर्वक योजना होती. रूथ रॉबिन्स हिने पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर गेडचा ताम्रवर्ण राखला. पुढच्या अनेक आवृत्त्यांवर मात्र गेड गोरा झाला. सावळा चेहरा विक्रीला मारक ठरतो, ही प्रकाशनव्यवसायातील समजूत होती. आपण मुखपृष्ठांवरून सतत भांडलो आणि बहुधा हरलो, असे ल गिनने नमूद केले आहे. येथे प्रश्न केवळ चित्राच्या अचूकपणाचा नव्हता. पुस्तकाच्या आत जे सांगितले होते, ते बाहेरून नाकारले जात होते. चार्ल्स व्हेस या चित्रकाराने तिच्याशी सुमारे चार वर्षे विचारविनिमय करून या मालेचा सचित्र एकत्रित ग्रंथ सिद्ध केला. तो २०१८ च्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाला. ल गिन त्याच वर्षी जानेवारीत निवर्तली होती. ही रूढी तिच्यापुरती मर्यादित नव्हती. मॅजिक अंडर ग्लास या कादंबरीची नायिका सावळी असता मुखपृष्ठावर गोरी मुलगी छापल्याबद्दल टीका झाली आणि २०१० मध्ये प्रकाशकाला ते मुखपृष्ठ मागे घ्यावे लागले.

सचित्र मुखपृष्ठामुळे पुस्तक बालवाङ्‌मय किंवा हलके वाङ्‌मय ठरते, हा संकोचही प्रकाशकांना सतावीत असे. हॅरी पॉटर मालेतील पहिल्या पुस्तकाच्या मूळ आवृत्तीवर (१९९७) टॉमस टेलर याने आगगाडीजवळ उभा असलेला मुलगा रंगविला होता; पुढील वर्षी प्रौढ वाचकांसाठी निघालेल्या आवृत्तीवर वाफेच्या इंजिनाचे कृष्णधवल छायाचित्र आले. ट्वायलाइट (२००५) या कादंबरीच्या मुखपृष्ठावर काळ्या पार्श्वभूमीवर दोन हातांत धरलेले तांबडे सफरचंद एवढेच दिसते. एकच वस्तू, मुद्रा किंवा शस्त्र आणि ठळक अक्षरे अशी मुखपृष्ठे त्यानंतर वाढली. त्यांत पात्रांचा चेहराच नसल्याने वर्णाचा वाद टळतो, पण चित्रकाराचे कामही कमी होते.

२०२३ मध्ये सारा जे. मास हिच्या हाउस ऑफ अर्थ अँड ब्लड या कादंबरीच्या ब्रिटिश पेपरबॅक आवृत्तीवरील लांडग्याची प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार झाल्याचे उघडकीस आले. ती प्रतिमासंग्रहातून विकत घेतलेली होती. पुस्तकात मुखपृष्ठाचे श्रेय प्रकाशनसंस्थेच्या रचना-विभागाला दिलेले आहे.