दरफाळणीचा सण

योम किप्पूर हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस तिश्री महिन्याच्या दहाव्या तिथीला येतो. सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत सुमारे २५ तास निर्जळी उपास असतो. कोकणातल्या बेने इस्रायलींनी त्याला 'दरफाळणीचा सण' म्हटले, म्हणजे दारे लावून घेण्याचा दिवस. पांढरी वस्त्रे नेसून ते दिवसभर घरातच राहत, परक्याचा स्पर्श टाळत. हिब्रू ग्रंथ हाताशी नसलेल्या या शनवार तेल्यांनी दिवसाचा अर्थ आचारातून जपला. त्या दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेचे नाव 'नेईला'. त्याचाही अर्थ दारे मिटणे असाच आहे.

तिथीचे गणित आपल्या ओळखीचे आहे. तिश्री आणि आश्विन दोन्ही चांद्रमास, म्हणून २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला योम किप्पूर व दसरा एकाच दिवशी आले. २०२३ मध्ये मात्र महिन्याचे अंतर पडले. आपला अधिक श्रावण होऊन गेला होता. ज्यूंचा अधिक अदार २०२४ मध्ये यायचा होता.

मिश्ना हा ग्रंथ सांगतो, की देवाचा अपराध या दिवशी क्षम्य होतो. माणसाचा अपराध त्याची समजूत काढल्याखेरीज होत नाही. तेव्हा आपले दार लावण्याआधी दुसऱ्याच्या दारी जाणे आले. दरफाळणीनंतरचा दिवस 'शिळा सण' : त्या दिवशी दानधर्म आणि आप्तेष्टांच्या भेटी होत. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत बेने इस्रायलींचे पहिले सिनेगॉग उभारले. त्याच्या 'शाआर हारहमीम' या नावाचा अर्थ आहे, दयेचे दार.